थेट की कनेक्टिंग? सुरगाण्याहून विमानाचा विचार करताना

(सुरगाणा येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन.)



ओळख करून देताना मला ‘आयटीतले मोठे इंजिनियर’ म्हणाले. मोठा वगैरे काही नाही. मी प्रोग्रॅम लिहून पोट भरणारा माणूस आहे. सुरगाणा माझं आजोळ. नानांचं इथे बाजारात शिलाईचं दुकान होतं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या दुकानाच्या फळीवर बसून मी काज-बटणं केलेली आहेत. अब्बा एसटीत कंडक्टर होते. त्यामुळे आज विमानाबद्दल बोलणार असलो तरी मधूनमधून एसटी येईल, त्याला इलाज नाही. मला वाहतूक कळली ती अब्बांच्या तिकिटांच्या ट्रेवरून.

आता कुणी म्हणेल, सुरगाण्यात बसून विमानाच्या गप्पा कशाला? इथे बोरगावची गाडी वेळेवर आली तरी शुक्रगुजार असावं अशी परिस्थिती. पण बघा, या खोलीत जी तीसेक पोरं-पोरी बसली आहेत, त्यांतल्या किती घरांतून कुणी ना कुणी आखातात आहे? किती घरांतून उमऱ्याला जाऊन आलेत? दोघींनी मघाशी सांगितलं, बंगळुरूला नोकरीच्या मुलाखतीला जायचंय. विमान आपल्यापर्यंत आलेलं आहे. आलेलं नाही ते त्याचं तिकीट वाचायचं शिक्षण. घरातला शिकलेला मुलगा किंवा मुलगी म्हणून ते काम तुमच्यावर येणार आहे, म्हणून हा विषय.

आधी माझी एक गोष्ट सांगतो. ती मी सहसा सांगत नाही.

काही वर्षांपूर्वी मी युरोपात एका प्रोजेक्टवर होतो. गुरुवारी पहाटे फजरच्या आधी फोन आला, अब्बा गेले. नाशिकला. चाचांनी सांगितलं, उद्या जुम्याच्या नमाजनंतर जनाजा ठेवतो, तू पोहोच. आपल्याकडे मय्यत जास्त वेळ ठेवत नाहीत, तुम्हाला माहीत आहे. त्यांनी एक दिवस थांबणं हीच माझ्यासाठी मोठी सवलत होती. मी लॅपटॉप उघडला. एक तिकीट होतं, एकाच कंपनीचं, मधे एका आखाती शहरात विमान बदलून मुंबई. दुसरा पर्याय साइटनेच जोडून दाखवला होता: पहिलं विमान एका कंपनीचं, दुसरं वेगळ्याच कंपनीचं, मधे दोन तास दहा मिनिटं. हा अकरा हजारांनी स्वस्त होता आणि मुंबईला पाऊण तास आधी पोहोचत होता. मी दुसरा घेतला. पैशांसाठी नाही, खरंच नाही. त्या पाऊण तासासाठी.

पहिलं विमान एक तास वीस मिनिटं उशिरा उतरलं. मी धावत ट्रान्सफर डेस्कवर गेलो. तिथल्या बाईंनी तिकीट बघितलं आणि म्हणाल्या, चेक-इन दहा मिनिटांपूर्वी बंद झालं. मी म्हटलं, माझं विमान उशिरा आलं, माझी काय चूक? त्या म्हणाल्या, ते आमचं विमान नव्हतं. आमच्या यादीत तुम्ही ‘आले नाहीत’ एवढंच आहे. मग बॅग. ती पहिल्या कंपनीने त्या शहरापुरतीच घेतली होती, म्हणजे ती बाहेरच्या पट्ट्यावर फिरत होती. बाहेर जायला इमिग्रेशन ओलांडायला हवं, त्याला व्हिसा हवा, तो माझ्याकडे नव्हता. इंजिनियर माणूस, आणि बॅगेचा विचारच केला नव्हता मी. विमानं वेळेवर असती तरी बॅगेपाशी अडकलोच असतो. शेवटी बॅग तिथेच सोडली, दुसऱ्या दिवशी दुपारच्या विमानाचं नवीन तिकीट काढलं आणि शनिवारी पहाटे नाशिकला पोहोचलो. तोपर्यंत सगळं झालं होतं. चाचा मला कब्रस्तानात घेऊन गेले. माती अजून ओली होती.

त्या दिवसानंतर मी हा सगळा विषय मुळापासून समजून घेतला. तो सांगतो.

सुरगाण्याहून नाशिकला जाणारी गाडी घ्या. पाटीवर ‘सुरगाणा–नाशिक’ लिहिलंय. ती बोरगावला थांबते, वणीला थांबते, दिंडोरीला थांबते. तुम्ही उतरत नाही, जागा तीच, तिकीट तेच. ही झाली थेट गाडी. आता नाशिक–पुणे विनाथांबा आठवा. ती मधे प्रवासी घ्यायला थांबतच नाही. आणि सुरगाण्याहून मुंबईला जायचं तर नाशिकला उतरून दुसरी गाडी धरायची, ती तिसरी तऱ्हा. विमानातही नेमक्या याच तीन तऱ्हा आहेत. नॉन-स्टॉप म्हणजे विनाथांबा. डायरेक्ट म्हणजे थेट: विमानाचा नंबर एकच, पण मधे कुठेतरी उतरू शकतं. आणि कनेक्टिंग म्हणजे विमान बदलायचं, नंबर वेगळा.

आपल्या बोलण्यात आणि वर्तमानपत्रातसुद्धा पहिल्या दोघांना सरसकट ‘थेट विमान’ म्हणतात. बहुतेक वेळा त्यात काही बिघडत नाही. पण एअर इंडियाचं परदेशी जाणारं पहिलं विमान आठवा. ८ जून १९४८ ला मुंबईहून लंडनला निघालं, ‘मलबार प्रिन्सेस’ नावाचं. ते कैरोला थांबलं, जिनिव्हाला थांबलं, मग लंडन. थेट होतं, विनाथांबा नव्हतं. त्या काळच्या विमानांचा पल्लाच तेवढा होता. आज पल्ला वाढलाय, तरी देशातल्या देशात एकाच नंबरचं विमान मधल्या शहरात उतरून पुढे जातं, असं अजून घडतं. क्वचित नंबर एकच आणि मधल्या शहरात विमान मात्र बदलायला लावतात, असंही असतं. म्हणून एजंट ‘डायरेक्ट है’ म्हणाला की पुढचा प्रश्न विचारायचा: मधे कुठे थांबतं का? उतरायला लागतं का?

आणि कनेक्टिंग ही काही नवी भानगड नाही. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूला उतरले. तिथून पुढे ते टपाल नेव्हिल विंटसेंट यांनी बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. भारतातल्या टाटांच्या विमानसेवेचा पहिलाच प्रवास हा असा मुंबईला हात बदलून झालेला आहे. फक्त तेव्हा प्रवासी नव्हते, पत्रं होती. पत्राला बॅग नसते आणि व्हिसाही लागत नाही.

मग कनेक्टिंग ठेवतातच कशाला, सगळीकडे थेट विमान का नाही? हा माझ्या धंद्यातला प्रश्न आहे, म्हणून जरा रेंगाळतो. समजा दहा गावं आहेत. प्रत्येक गावातून प्रत्येक गावाला थेट गाडी सोडायची तर ४५ मार्ग लागतात. त्यातले अर्धेअधिक रिकामे धावतील. त्याऐवजी एक गाव मध्यवर्ती धरलं आणि बाकीच्या नऊ गावांतून तिथे गाडी सोडली, तर ९ मार्गांत काम भागतं. प्रत्येक जण एकदा गाडी बदलून कुठूनही कुठेही जातो. आपला सीबीएस हेच करतो. विमानात याला हब म्हणतात. १९७८ साली अमेरिकेत विमानांच्या मार्गांवरचं आणि भाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं आणि तिथल्या कंपन्यांनी ही पद्धत सर्रास उचलली. आखातातल्या कंपन्यांनी तर त्यावर आपली शहरं उभी केली. एमिरेट्स ऑक्टोबर १९८५ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्या अगदी पहिल्या ठिकाणांत कराची आणि मुंबई होती. आपल्याकडची माणसं दुबईला न्यायची, आणि दुबईत बदलून जगभर पोहोचवायची.

तुम्ही मोबाइलवर ‘मुंबई ते जेद्दा’ टाकता तेव्हा मागे काय चालतं? विमानतळ म्हणजे ठिपके, विमानं म्हणजे त्यांना जोडणाऱ्या रेघा. सर्वांत जवळची वाट शोधायची एक प्रसिद्ध रीत डाइक्स्ट्रा नावाच्या डच गणितज्ञाने १९५९ मध्ये छापली, कॉम्प्युटरच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ती शिकावी लागते. पण विमानाची रेघ नेहमी उघडी नसते. ती दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी उघडते. शिवाय प्रत्येक विमानतळावर एका विमानातून दुसऱ्यात जायला कमीत कमी किती वेळ लागतो, याचा आकडा ठरलेला असतो. एकाच तिकिटावर प्रवास विकताना त्या आकड्याहून कमी वेळ असलेली जोडी सहसा विकली जात नाही. म्हणजे एक तिकीट घेतलं की कुणीतरी तुमच्यासाठी हा हिशोब केलेला असतो. दोन तिकिटं जोडली की हिशोब करणारे तुम्ही.

इथेच खरी मेख आहे. थेट की कनेक्टिंग हा प्रश्न त्यामानाने सोपा. कनेक्टिंग असेल तर ते एका तिकिटावर आहे की दोन, हा प्रश्न मोठा. अब्बा नाशिकहून सुरगाण्याची शेवटची गाडी घेऊन निघायचे, तेव्हा पुण्याच्या गाडीतून कुणी येतोय असं कळलं तर पाच-दहा मिनिटं डबल बेल द्यायचे नाहीत. ड्रायव्हर कुरकुरायचा. पण अब्बांना माहीत असायचं की मागून माणूस येतोय. विमान कंपनीही कधीकधी थांबते, विशेषतः उशिरा आलेल्या विमानातून तिचे पंधरा-वीस प्रवासी पुढे जाणारे असतील तर. तिच्या संगणकात ते दिसतात. तुम्ही दोन वेगळी तिकिटं काढलीत तर दुसऱ्या विमानाला तुम्ही मागून येताय हे माहीतच नसतं. दोन वेगळ्या वह्या, दोघींत एकमेकींची नोंद नाही. माझं हेच झालं होतं.

एकाच तिकिटावर पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं चुकलं, तर पुढच्या उपलब्ध विमानात जागा देणं कंपनीचं काम. बॅगही सहसा शेवटच्या मुक्कामापर्यंतची चिठ्ठी लावून जाते. आपल्याकडे डीजीसीएचे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियमही आहेत. विमान सहा तासांहून जास्त रखडणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत. वेळेत न कळवता विमान रद्द केलं आणि त्यामुळे त्याच तिकिटावरचं पुढचं विमान चुकलं, तर प्रवासाच्या वेळेनुसार ५,००० पासून १०,००० रुपयांपर्यंत भरपाई. वादळ, धुकं, सुरक्षा अशी कारणं वगळून. तक्रारीसाठी सरकारचं ‘एअरसेवा’ आहे. पण हे सगळं ‘त्याच तिकिटावर’ या दोन शब्दांवर टांगलेलं आहे.

आता प्रत्यक्ष तिकीट वाचू. काल मामूंकडे जेवायला होतो. मुमानी उमऱ्याला जाणार आहेत, त्यांच्याबरोबर त्यांची बहीण. एजंटने पाठवलेलं तिकीट मामूंनी माझ्यासमोर धरलं आणि म्हणाले, “बघ रे, सगळं बरोबर आहे ना? ओझरहूनच बसायचंय, मुंबईची दगदग नाही.” परवानगी घेऊन ते तिकीट मी इथे उदाहरण म्हणून घेतो. मुमानी मागे बसल्यात, त्यांचीही हरकत नाही. नाही ना?

ओझर ही कल्पना ऐकायला सुंदर आहे. विमानतळाला ओझर म्हणतात, पण टर्मिनल आहे दिंडोरी तालुक्यातल्या जानोरीच्या शिवारात. म्हणजे आपल्याला नाशिक शहरात शिरायचंच नाही. वणी, दिंडोरी करून जानोरीकडे वळलं की आलं. तिकिटावर आयएसके लिहिलेलं असतं, ते नाशिक. तिथून देशातल्या काही मोजक्या शहरांना विमानं आहेत, वेळापत्रक बदलत राहतं. या तिकिटात होतं ओझर ते दिल्ली, मग दिल्ली ते जेद्दा.

पहिलं काम: पीएनआर मोजा. पीएनआर म्हणजे सहा अक्षरांचा-अंकांचा संकेत. या कागदावर दोन होते. दोन पीएनआर म्हणजे दोन तिकिटं असतीलच असं नाही, म्हणून तिकीट नंबर बघा. तो तेरा आकडी असतो आणि पहिले तीन आकडे कंपनीचे. एअर इंडियाचे ०९८. स्वस्त कंपन्या कधीकधी असा नंबर छापतच नाहीत. मुमानींच्या कागदावर दोन कंपन्या, दोन पीएनआर, आणि दुसऱ्या कंपनीचा नंबर पूर्ण वेगळा. एजंटने दोन तिकिटं एका सुबक पानावर शेजारी शेजारी छापली होती, इतकंच. त्याने फसवलं असं मी म्हणत नाही. त्याने स्वस्त शोधून दिलं. मागितलं होतं स्वस्तच.

दुसरं, टर्मिनल. दिल्लीला उतरायचं टर्मिनल १, चढायचं टर्मिनल ३. कागदावर दोन्ही ‘दिल्ली’. पण या वेगळ्या इमारती आहेत, बाहेर पडून रस्त्याने जायचं. सुरगाण्याची गाडी सीबीएसला सोडते आणि मुंबईची गाडी महामार्ग स्टँडवरून धरायची, तसं. मुंबईतही टी-१ आणि टी-२ वेगळे आहेत, मेट्रो ३ ची दोन वेगळी स्थानकं आहेत त्यांना. आणि आता तर मुंबईला दुसरं विमानतळच झालंय. नवी मुंबईहून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं सुटू लागली. सहार-सांताक्रूझचा संकेत बीओएम, नवी मुंबईचा एनएमआय. एकावर उतरून दुसऱ्यावरून जायचं तिकीट कुणी काढलं तर मधे अख्खी मुंबई आडवी आहे. तीन अक्षरं नीट बघा.

तिसरं, वेळ. ओझरचं विमान दिल्लीला संध्याकाळी ५:१० ला पोहोचणार, जेद्दाचं रात्री ८ ला सुटणार. मामू म्हणाले, “तीन तास आहेत जवळजवळ.” मी म्हटलं, मोजू. आंतरराष्ट्रीय विमानाचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, म्हणजे ७ ला. उरले एक तास पन्नास मिनिटं. विमानातून उतरून पट्ट्यावर बॅग येईपर्यंत चाळीस मिनिटं धरा. टर्मिनल बदलायला पाऊण तास. झाले ६:३५. मग प्रवेशद्वाराची रांग, काउंटरची रांग, दोन साठीच्या बायका, दिल्ली आधी पाहिलेली नाही. हातात पंचवीस मिनिटं. आणि तारीख होती जानेवारीची. जानेवारीत दिल्लीचं धुकं. एक सकाळ विमानं अडकली की दिवसभराचं वेळापत्रक मागे पडतं, संध्याकाळचं विमानसुद्धा त्याच साखळीतलं असतं.

चौथं, वजन. देशातल्या विमानात साधारण १५ किलो सामान नेता येतं, परदेशी विमानात त्याच्या दुप्पट किंवा जास्त. एक तिकीट असेल तर सहसा परदेशाचीच सवलत पूर्ण प्रवासाला लागू होते. दोन तिकिटं असतील तर नाही. येताना बघा काय होतं: जेद्दाहून दोन बॅगा, खजूर, जमजमचा पाच लिटरचा कॅन घेऊन दिल्लीला उतरायचं, आणि पुढच्या ओझरच्या विमानात १५ किलो. वरच्या प्रत्येक किलोला पैसे, आणि जमजम इतर सामानासारखंच वजनात. हातात नेतो म्हणाल तर तेवढं पाणी सुरक्षा तपासणीत नेऊ देत नाहीत.

इथेच एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती एका तिकिटावरही लागू आहे. परदेशातून येताना भारतातल्या पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन आणि कस्टम असतं. नाशिकपर्यंतची चिठ्ठी लावलेली बॅगही सहसा तिथे पट्ट्यावरून घ्यायची, कस्टममधून न्यायची आणि पुन्हा सोपवायची. ‘शेवटपर्यंत बुक आहे’ म्हणून आपली माणसं निवांत पुढच्या गेटवर जाऊन बसतात, आणि बॅग मागे राहते. जाताना उलट: इमिग्रेशनचा शिक्का ओझरला नाही, दिल्लीला. तो वेळही धरायचा.

व्हिसाचं थोडक्यात सांगतो. आखातातल्या मोठ्या हबवर एकाच तिकिटाने, विमानतळाच्या आतल्या आत विमान बदलायला आपल्याला व्हिसा लागत नाही. अमेरिकेतून नुसतं बदलून पुढे जायलासुद्धा लागतो, तिथे ‘आतल्या आत’ अशी सोयच नाही. बाकी देशांचे नियम बदलत असतात, तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या वकिलातीच्या पानावर बघा, मित्राच्या व्हॉट्सअॅपवर नको. आणि मधला मुक्काम चोवीस तासांहून मोठा असेल तर ते कनेक्शन राहत नाही, आपल्या मुक्कामी गाडीसारखं होतं; भाडंही वेगळं लागू शकतं.

आणखी एक फसगत. समजा एकाच तिकिटावर ओझर–दिल्ली–जेद्दा आहे आणि तुम्हाला वाटलं, दिल्लीत काम आहे, आधीच रेल्वेने जाऊ, तिथूनच बसू. असं करू नका. पहिल्या टप्प्याला तुम्ही आला नाहीत की पुढचे सगळे टप्पे, परतीचासुद्धा, संगणक आपोआप रद्द करतो. एसटीत वणीहून बसलात तर कंडक्टर फार तर डोळे वटारेल. इथे डोळे वटारायला माणूसच नाही.

भाड्याचंही एसटीसारखं नाही. एसटीचं भाडं टप्प्यावर, सहा किलोमीटरचा एक टप्पा, अब्बांना सगळे तोंडपाठ. विमानाचं भाडं अंतरावर नाही. जास्त लांबचा, मधे बदलायचा प्रवास थेट प्रवासापेक्षा स्वस्त मिळतो, कारण बदलायला लावणाऱ्या कंपनीला थेटवाल्याचा प्रवासी ओढायचा असतो. तुमचा त्रास ती सवलतीत विकत घेते. त्यात वाईट काही नाही. तरुण आहात, हातात एक पिशवी आहे, मुलाखत परवा आहे, तर घ्या ना कनेक्टिंग, वाचवा पैसे. मी अजूनही घेतो. पण एका तिकिटावर.

उमऱ्यापुरती एक व्यावहारिक गोष्ट: कनेक्टिंग असेल तर मोठी बॅग जेद्दापर्यंत परस्पर जाते, म्हणून इहरामचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. आखातातून पुढचं विमान सुटलं की मीकात लवकर येतो, तेव्हा आधीच तयार असावं लागतं. आखातातल्या विमानतळावर कपडे बॅगेत गेले म्हणून रडकुंडीला आलेले एक बुजुर्ग मी पाहिलेत.

नाना हजला गेले ते जहाजाने. तेव्हा मुंबईहून जेद्दाला जहाजं जायची, ती १९९५ मध्ये बंद झाली. नाना सुरगाण्याहून निघून क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात जहाजाची वाट बघत राहिले होते. तिथल्या ओळखी त्यांनी शेवटपर्यंत जपल्या. मधल्या मुक्कामाला त्या पिढीने प्रवासच मानलं होतं. आपण तो मिनिटांत मोजतो आणि मग त्याच मिनिटांत अडकतो.

थोडं आपल्या तालुक्याबद्दल. २०२२ च्या अखेरीला सीमेवरच्या काही गावांनी मागणी केली होती, रस्ते-दवाखाना मिळत नसेल तर आम्हाला गुजरातला जोडा. ते राजकारण बाजूला ठेवू. पण माणूस जिथे सोय असते तिकडे वळतो, एवढं त्यात दिसतं. विमानाचंही तसंच बघा. सुरगाण्याला ओझर आहे, मुंबई आहे, आणि सुरतही आहे. सुरतच्या विमानतळाला डिसेंबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. शारजाचं विमान तर तिथून २०१९ पासून सुटू लागलं होतं. उंबरठाण, बाऱ्हे, पळसन भागातला मुलगा शारजाला निघाला असेल तर त्याने सवयीने मुंबईच धरण्याआधी सुरतही तपासावं. घरापासून विमानापर्यंतचा रस्ता हाही प्रवासाचा टप्पाच आहे, तिकिटावर छापलेला नसला तरी. पावसाळ्यात आपल्या घाटात दरड आली की तुमचं पहिलं ‘कनेक्शन’ बोरगावच्या अलीकडेच चुकतं.

तर मुमानींच्या तिकिटाचं काय केलं? काल रात्री एजंटला फोन लावला. भला माणूस आहे, चिडला नाही. मी विचारलं, हे दोन्ही एका तिकिटावर करता येईल का? म्हणाला, या दोन कंपन्यांचं आपसांत जमत नाही, होणार नाही. मग दुसरा पर्याय, मुंबईहून जेद्दा विनाथांबा, पाच-साडेपाच तासांचं उड्डाण. रद्द करायचे पैसे आणि फरक धरून माणशी साडेसहा हजार जास्त. मामू गप्प झाले. साडेसहा हजार दोनदा, म्हणजे तेरा हजार. सुरगाण्यात तेरा हजार काय असतात ते मला कुणी सांगायला नको. मी म्हटलं, दिल्लीला विमान चुकलं तर दोघींची नवीन तिकिटं ऐनवेळच्या भावाने काढायला लागतील, त्याचा आकडा याच्या कितीतरी पट आहे, आणि ती रात्र त्या दोघींनी दिल्लीच्या विमानतळावर काढायची.

मामू म्हणाले, “आणि मुंबईची दगदग?” ती आहेच. विमान सकाळचं आहे. म्हणून मुमानी आणि खाला आदल्या दिवशी सकाळच्या गाडीने नाशिकला जाणार, तिथून मुंबईला, कुर्ल्याला माझ्या चुलत बहिणीकडे मुक्काम. पहाटे मी स्वतः टी-२ ला सोडायला जाणार. येताना जमजमचे दोन कॅन मुंबईपर्यंत विमानाने, पुढे नाशिकपर्यंत आमच्या गाडीच्या डिकीत, आणि तिथून सुरगाण्याला एसटीच्या टपावर… नाही मुमानी, टपावर नाही ठेवणार, मांडीवर घेऊन येईन.

ज्यांनी आपापल्या घरातली तिकिटं आणली आहेत त्यांनी पुढे या. आधी पीएनआर मोजायचे.